वैनीची अर्धी सुई

फोन आला तेव्हा मी गालांना साबण लावून बसलो होतो. दवाखान्यातून श्रीकांत बोलत होता, माझा पुतण्या. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि राहिलेली दाढी पुरी केली. कुणाला हे विचित्र वाटेल, पण नल्लकुंट्याच्या या घरात मी अर्धवट दाढीनं वैनीसमोर कधी गेलो नाही, आणि त्या दिवशीही मला तसं जायचं नव्हतं. दाढी करताना दोनदा कापलं. मग चपला घालताना लक्षात आलं की मी रडत होतो, केव्हापासून कोण जाणे.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. तिला जाऊन पाच आठवडे झाले. दिवस झाले, भेटायला येणारे येऊन गेले, चहाचे कप विसळून पालथे घालून झाले. त्या तेरा दिवसांत निदान तीसेक माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली: तुमचा पाय तुमच्या वैनीनं वाचवला हो. आमच्या नात्यात ही गोष्ट साठ वर्षं सांगितली जाते आणि साठ वर्षं मी ती ऐकून मान हलवत आलो आहे. वैनी जवळ असली की ती उठून आत जायची. लोक म्हणायचे, किती विनयशील बाई... ती आत का जायची हे त्या घरात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं.

मी अठरा वर्षांचा होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. निजामाच्या राजधानीत, सुलतान बाजारात, एका कापडदुकानाच्या वर आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा होती. आईवडील लवकर गेलेले. दादा महसूल खात्यात कारकून, तापट पण प्रामाणिक. वैनी परभणीकडच्या शेतकरी घरातली, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, म्हणून मी तिला पहिल्यापासून 'तू' म्हणत आलो. ती मात्र मला रीतीप्रमाणे 'भाऊजी, तुम्ही' म्हणायची, माझे कान पिळतानासुद्धा. श्रीकांत तेव्हा रांगत होता.

पंधरा ऑगस्टच्या थोडं आधी मी बाजाराच्या उतारावर दोन्ही हात सोडून सायकल चालवून दाखवली. कुणाला दाखवली ते आता आठवतही नाही. समोरून टांगा आला. मी पडलो आणि टांग्याचं चाक माझ्या डाव्या पायाच्या नळीवरून गेलं. दवाखान्यातले सर्जन लढाईवरून परतलेले, हुशार गृहस्थ. त्यांनी पाय उघडून हाडाला पोलादी पट्टी लावली आणि सहा स्क्रूंनी आवळली. त्या काळात ही मोठी नवलाई होती, दादाच्या दफ्तरातली माणसं फळं घेऊन ती पट्टी बघायला यायची आणि प्लास्टर बघून हिरमुसून जायची. तिकडं दिल्लीत झेंडा लागला, देश सुटला. इकडं निजामाच्या राज्यात आम्ही होतो तिथंच राहिलो, आणि त्यातही मी जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

तिसऱ्या आठवड्यात ताप चढला. मग वास यायला लागला. डॉक्टरांनी करवतीनं प्लास्टरला चौकोनी खिडकी पाडली तेव्हा आत पिवळा पू होता, आणि तळाशी ती पट्टी चकाकत होती. ती मी एकदाच पाहिली, पुन्हा बघायचं धाडस झालं नाही. डॉक्टर दादाला म्हणाले, "लोहे में ख़ून नहीं दौड़ता मियाँ, तो दवा वहाँ तक पहुँचे कैसे? और लोहा निकाल दूँ तो हड्डी बिखर जाती. हड्डी जुड़ने तक पीप को दबा के रखना है, बस." मग बाहेर जिन्यात जाऊन त्यांनी हळू आवाजात उरलेलं सांगितलं. जिना माझ्या खाटेला लागून होता. पू दाबून ठेवता आला नाही तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, असं ते म्हणत होते.

दाबून ठेवायचं औषध म्हणजे पेनिसिलीन. तेव्हा ते नवं होतं आणि लोक त्याचं नाव देवाचं घ्यावं तसं घ्यायचे. दादा सोलापूरला जाऊन एका ओळखीच्या औषधवाल्याकडून खोकं भरून बाटल्या घेऊन आला. बाटलीत पिवळसर भुकटी असायची. त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, काचेच्या सिरिंजमध्ये ठरलेल्या खुणेपर्यंत ओढायचं आणि टोचायचं. दर तीन तासांनी, दिवसरात्र. कालवलेली बाटली थंड ठेवावी लागे. बर्फ मिळालं तर बर्फात, नाही तर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून.

रहमतमियाँ म्हणून दवाखान्यातले कंपाउंडर होते, मेंदी लावलेली दाढी, हळुवार हात. पहिले काही दिवस ते सकाळ-संध्याकाळ येऊन सुई देऊन जात. पण दर तीन तासांनी येणं त्यांना कुठलं जमणार? म्हणून त्यांनी वैनीला शिकवलं, एका वांग्यावर. "डरना नक्को बेटी," ते सांगायचे, "सुई सीधी जाने दो. हात काँपा तो बच्चे को दुखता."

"मियाँ, तुमचा बच्चा अठरा वर्षांचा घोडा झालाय," वैनी म्हणायची, "अन् माझ्यावर खेकसायलाय सकाळपासून."

"दर्द बोल रहा बेटी, वो नहीं बोल रहा." आणि मग वांग्याकडे बघून, "ये मरीज़ अच्छा है. चुप है."

त्या वांग्याची नंतर भाजी झाली की नाही हे मी विचारलं नाही. आठ दिवसांत वैनीचा हात असा बसला की रहमतमियाँच म्हणाले, आता माझी गरज नाही. तरी ते येत राहिले.

मी खेकसायचो हे खरं आहे. माझे मित्र निजामाविरुद्ध लढायला एकेक करून सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत निघून गेले होते. कुणी निरोप घ्यायला यायचा, खाटेच्या कडेवर अवघडून बसायचा, माझ्या पायाकडे बघणार नाही अशा बेतानं छताकडे बघायचा आणि जायचा. मला छताच्या तुळया पाठ झाल्या. प्लास्टरच्या आत मुंग्या शिरायच्या. वैनीनं विणकामाची सुई दिली होती, ती आत घालून मी खाजवत पडायचो. गल्लीत संध्याकाळनंतर सामसूम व्हायची. निजामाच्या बाजूची हत्यारबंद टोळकी हिंडायची, घोषणा ऐकू यायच्या, आणि दादानं खिडकीला आतून फळ्या ठोकल्या. मग उजेडही गेला. शेजारची दोन कुटुंबं सोलापूरला नातेवाइकांकडे निघून गेली. वैनीनं आणि श्रीकांतनंही जावं असं सगळे म्हणत होते. पण मला हलवता येत नव्हतं, आणि मला सुई कोण देणार? एकदा दफ्तरातून घाबरून आलेला दादा माझ्यासमोर उभा राहिला आणि ओरडला, "तुझ्या एका पायात चौघांचे पाय अडकलेत!" लगेच त्याचं त्यालाच वाईट वाटलं, त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पण बोलला ते बरोबर होतं. मी अडकलो होतो आणि माझ्यापायी ते अडकले होते.

पहिल्या खेपेला पेनिसिलीननं चमत्कार केला, ताप उतरला, जखम कोरडी पडली. पट्टी आत होतीच. दोन महिन्यांनी पुन्हा पू आला. पुन्हा सुया. असं चालू असतानाच दिल्लीच्या सरकारनं सरहद्दीवर नाकेबंदी आवळली. मीठ मिळेना, घासलेट मिळेना, औषधांची दुकानं रिकामी. डॉक्टरांनी खोक्यातल्या बाटल्या बघितल्या आणि म्हणाले, आता याच्या पुढचं काही येईल अशी आशा ठेवू नका.

इथं वैनीबद्दल एक सांगायला हवं. पुरवून वापरणं ही तिची विद्या होती. ताकात पाणी, डाळीत भोपळा, चहाची पत्ती वाळवून दुसऱ्यांदा. चार माणसांच्या कणकेत ती सहा जणांना जेवू घालायची आणि पानावर बसलेल्याला कमी पडल्याचं कळायचं नाही. दादा चारचौघांत कौतुकानं सांगायचा, "आमच्या घरी एका भांड्यात दोन भांडी असतात." नाकेबंदीच्या दिवसांत तर तिच्या या विद्येवरच आमचं घर चाललं. तिला कुणी शिकवलं नव्हतं की अन्न आणि औषध यांत फरक असतो. जे संपत आलंय ते पातळ करून पुरवायचं, उपाशी ठेवण्यापेक्षा अर्धपोटी बरं, हे तिला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान होतं.

ती सुई भरायची ते माझ्याकडे पाठ करून, कोपऱ्यातल्या शेगडीपाशी. शेगडीच्या वर भिंतीतलं कपाट होतं, काचेच्या दारांचं. मला दिवसभर दुसरं बघायला काय होतं? एका दुपारी मला काचेत दिसलं की वैनीनं बाटलीतून सिरिंज अर्ध्या खुणेपर्यंत भरली, क्षणभर थांबली, आणि उरलेली अर्धी उकळलेल्या पाण्याच्या वाटीतून भरली. मग ती वळली आणि नेहमीसारखी म्हणाली, "चला भाऊजी, कुशीवर व्हा. रामाचं नाव घ्या."

मी कुशीवर झालो. आणि गंमत बघा... सुई नेहमीसारखी झोंबली नाही. ते पेनिसिलीन अंगात शिरताना निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, तासभर कंबर ठणकायची. त्या दिवशी नुसतं थोडं चुरचुरलं. मी गणितात हुशार होतो, अर्धं म्हणजे किती हे मला कळत होतं. डॉक्टर येतील तेव्हा सांगावं, असं मनात आलं. पण तीन तासांनी पुन्हा सुई आली, पुन्हा फारसं दुखलं नाही, आणि मी गप्प बसलो. हे वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली.

महिना-दोन महिने बरं चाललं. ताप अंगातल्या अंगात राहायचा. दादा म्हणायचा, हिच्या हाताला गुण आहे. मग पावसाळ्यात पाय पेटला. पू दुप्पट, मांडीपर्यंत सूज, रात्रंदिवस थंडी वाजून ताप. घाबरून वैनीनं पुन्हा पूर्ण सुया सुरू केल्या, मला काचेत दिसत होतं, पण आता औषध लागू होईना. डॉक्टर आले, प्लास्टरच्या खिडकीवर वाकले आणि चक्रावून म्हणाले, "दवा तो वही है, असर कायकू नहीं कर रही?" त्यांनी वैनीला विचारलं, माप बरोबर घेतेस ना बेटी? खोलीत दादा होता, रहमतमियाँ होते. वैनी पदर तोंडाशी धरून उभी होती. मी डोळे मिटून घेतले. मी सांगितलं असतं तर दादानं तिला काय केलं असतं सांगता येत नाही, तो तापट होता. त्या घटकेला मी तिला वाचवतोय असंच मला वाटलं. आणि खरंच तसं होतं, निदान त्या घटकेपुरतं.

डॉक्टर म्हणाले, हाड अजून कच्चं आहे, पण पट्टी काढावीच लागेल. काढल्यावर महिनाभर भरपूर पेनिसिलीन मिळालं तर पाय राहील. नाही तर आजच कापलेला बरा, निदान जीव राहील. आणि शहरात तर बाटली मिळत नाहीय... तेव्हा वैनी आत गेली आणि खोकं घेऊन आली. त्यात निम्म्या बाटल्या शिल्लक होत्या. डॉक्टरांचा विश्वास बसेना. "इतनी कैसे बची?" दादानं छाती फुगवून सांगितलं, "आमच्या घरची बाई पुरवून वापरते, साहेब." वैनीनं खोकं जमिनीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसली. बराच वेळ ती बाहेर आली नाही.

पट्टी निघाली. महिनाभर वैनीनं दर तीन तासांनी खुणेबरहुकूम भरलेली सुई दिली, आणि मी दर तीन तासांनी ओरडलो. त्याच महिन्यात दिल्लीच्या फौजा आल्या, पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत राज्य बदललं. गल्लीत लोक नाचत होते आणि मी फळ्या काढलेल्या खिडकीकडे मान वळवून पडलो होतो. रहमतमियाँ यायचे बंद झाले. आधी आम्ही दारं लावून बसलो होतो, आता त्यांच्या गल्लीत दारं लागली. तीन दिवस वाट बघून वैनी दादाला न विचारता एकटी त्यांच्या घरी गेली, डब्यात ज्वारीचं पीठ घेऊन. परत आल्यावर दादा भडकला तेव्हा म्हणाली, "ज्यानं सुई धरायला शिकवली त्याचं घर कसं हाय हे बघायला नको?" मग रहमतमियाँ पुन्हा आले, एकदाच, पाय बघून गेले. म्हणाले, बच गया.

पाय राहिला. दीड इंच आखूड, गुडघ्यात ताठ, पण राहिला. आता तुम्हीच सांगा, वैनीनं माझा पाय घालवला की वाचवला? अर्ध्या सुयांनी रोग माजला म्हणावं, तर अर्ध्या सुयांनीच बाटल्या उरल्या. मी शाळेत चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि हे गणित मला कधी सुटलं नाही. तिनं मात्र त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं: घालवला.

त्यानंतर ती माझ्याशी कशी वागली ते काय सांगू? घरात सगळ्यांना रागवायची, मला कधीच नाही. पहिली गरम भाकरी माझ्या पानात. संध्याकाळी शाळेतून आलो की घंगाळात ऊन पाणी, पायाला तेल. मी कुरकुर करायचो, तेल गार आहे, भाकरी जाड आहे, आणि ती ऐकून घ्यायची. मी लग्न केलं नाही. लंगड्याला मुलगी कोण देणार, असं मी ऐटीत म्हणायचो. खरं म्हणजे मला गरज काय होती? सगळं बसल्या जागी मिळत होतं.

छप्पन साली राज्याचे तीन तुकडे झाले आणि मराठी कारकुनांना मुंबई राज्यात पाठवायच्या याद्या निघाल्या. दादाचं नाव औरंगाबादला लागलं. वैनीचा आनंद मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. माहेर तिथून अर्ध्या दिवसावर, आई थकलेली, बहिणी आसपास. तिनं दोन ट्रंका भरल्या, वर दोरी बांधली. मी सांगितलं, मी येणार नाही. इथं शाळेतल्या पोरांना माझ्या चालण्याची सवय झालीय, नव्या गावात पुन्हा सगळ्यांच्या नजरा नकोत. दादा म्हणाला, मग राहा एकटा, मोठा झालास. वैनी त्या ट्रंकेवर बसली होती. मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं दोरीची गाठ सोडायला घेतली आणि म्हणाली, "भाऊजींना टाकून कसं जायचं? त्यांच्या पायाचं कोण बघणार?" दादानं खटपट करून अदलाबदल करून घेतली. आम्ही नल्लकुंट्याला राहायला आलो. तिची आई गेली तेव्हा वैनी वेळेवर पोचू शकली नाही.

त्या दिवशी माझं एक वाक्य पुरलं असतं. वैनी, मला ठाऊक आहे, मी बघत होतो, मीही गप्प बसलो, जा तू. मी ते बोललो नाही. त्यानंतर बोलायच्या संधी दर संध्याकाळी चार वाजता चहाबरोबर यायच्या, आणि मी चहा पिऊन उठायचो. पुढं दादाही गेला. आम्ही दोघं म्हातारे समोरासमोर बसून चहा प्यायचो आणि भांडायचो, म्हणजे मी भांडायचो.

यंदा ती न्हाणीघरात पडली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. डॉक्टरांनी धातूचा सांधा बसवला, आणि महिन्याभरात टाक्यांतून पू आला. तिचं वय चौऱ्याऐंशी, सांधा काढून पुन्हा बसवायची ताकद अंगात नाही. तेव्हा धातू आत ठेवून सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, मग गोळ्या, जमेल तितकं दाबून ठेवायचं... मी ऐकत होतो आणि मला सुलतान बाजारातला जिना आठवत होता. डॉक्टर पोरसवदा, समजावून सांगणारा. म्हणाला, जंतू धातूवर शेवाळासारखा थर धरतात, माठात आतून बुळबुळीत होतं ना तसा, औषध त्याच्या वरून निघून जातं. मी त्याला विचारलं, "आणि पूर्वी कुणाला अर्धाच डोस दिला गेला असेल तर?" तो म्हणाला, "अर्धा डोस वाईटच. पण धातू आत असेपर्यंत पुऱ्या डोसनं तरी साफ झालं असतं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही, काका."

हे वाक्य घेऊन मी तिच्या खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मला तिला काहीतरी द्यायचं होतं. नर्स बाटली बदलत होती. वैनी तिला विचारत होती, "पूरा है ना, अम्मा? आधा नको हां." नर्स मला म्हणाली, रोज पूछते, हर बार पूछते. ती गेल्यावर वैनीनं मला खुणेनं जवळ बसवलं.

"भाऊजी, एक सांगायचंय. रागवणार नाहीत ना?"

"ऐंशीव्या वर्षी रागवायला दम कुठला आणू?"

"त्या सालात... नाकेबंदीत... मी तुम्हाला अर्धीच सुई द्यायले होते. पाणी घालून. ह्यांनाही सांगितलं नाही. सगळं संपलं तर पुढं तुम्हाला काय देऊ, असं वाटायचं. तुमचा पाय माझ्यामुळं असा झाला."

डॉक्टरचं वाक्य माझ्या ओठांवर होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "माहीत आहे," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कपाटाच्या काचेत दिसायचं, वैनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही... नवं काही दिसल्यासारखी. मग अगदी हळू म्हणाली, "मग इतकी वर्षं मला एकटीलाच का ठेवलंत त्यात?"

मी घाईघाईनं डॉक्टरचं सांगू लागलो, की पुऱ्या डोसनंही कदाचित काही झालं नसतं. तिनं सुई लावलेला हात थोडा उचलला आणि म्हणाली, "ते राहू द्या." भेटायची वेळ संपली होती. त्यानंतर ती चार दिवस होती. मला रोज एकच विचारायची, जेवलात का.

तिच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मला ते आवडत होतं. पहिली भाकरी, ऊन पाणी, न बोलता ऐकून घेणारं माणूस... दार माझ्या बाजूनं उघडत होतं आणि मी ते साठ वर्षं लावून ठेवलं, कारण आत माझी सोय होती. आता चार वाजता तिच्या खोलीत जाऊन बसतो. खाट तशीच आहे. चहा श्रीकांतची बायको आणून देते, चांगला करते, आणि मी त्यात काही खोड काढत नाही.

हा लेख वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आला तरी माझ्या घरात तो कुणी वाचणार नाही. नातवंडांना मराठी वाचता येत नाही, श्रीकांतला अक्षरं लागतात पण दोन ओळींत तो दमतो. लिहिताना हे माझ्या मनात होतं, आणि कबूल करतो, म्हणूनच हात चालला. पण मग हेही पुन्हा गप्प बसणंच होईल. म्हणून ठरवलंय, पुरवणी आली की श्रीकांतला तिच्या खाटेवर बसवणार आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचून दाखवणार. तो आईवेडा आहे, मधेच कुठंतरी म्हणेल, काका, राहू द्या. मी राहू देणार नाही.